गणपतीच्या जागेसकट

जामसंड्यात घर बघतोय म्हटलं की लोक पहिलं विचारतात, समुद्र दिसतो का? नाही दिसत. मला नकोच आहे. समुद्र बघावासा वाटला तर रिक्षा आहे, पाय आहेत. अंथरुणातून उठल्याउठल्या समुद्र दिसलाच पाहिजे, असं मला तरी कुठल्या डॉक्टरने लिहून दिलेलं नाही. मला हवं होतं बाजाराच्या मागच्या आळीतलं घर. जिथून दुकानात चालत जाता येईल, मुलीची शाळा हाकेच्या अंतरावर असेल, गॅसवाला वाट चुकणार नाही आणि मे महिन्यातही विहिरीला पाणी राहील. बस, एवढंच.

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. रंग, पाइप, नळ, कड्या-कोयंडे. या भागातल्या कितीतरी घरांत मी विकलेल्या तोट्या आहेत आणि आम्ही मात्र लग्न झाल्यापासून भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथला नळ गळतो. घरमालक म्हणतो, राहू दे, आवाजाची सवय होते. हार्डवेअरवालीच्या घरात गळका नळ! माझी किती शोभा होत असेल, तुम्हीच सांगा. मी सुशांतला सांगून टाकलं की या वर्षी स्वतःचं घर झालं नाही तर मी दुकानात पथारी टाकीन. सुशांत माझा नवरा. मी आधी बोलते आणि मग विचार करते. तो आधी विचार करतो आणि मग बोलतच नाही. त्यामुळे आमचं बरं चाललंय.

काशीबाईंचं घर विकायचं आहे हे मला त्यांनीच सांगितलं. दुकानात आल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी टेकत चालायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मुलगा मंगेश पुण्याला नोकरीत. तो म्हणत होता, आता एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल. घर कोणाला द्यायचं ते तू ठरव, हेही त्यानेच सांगितलेलं.

"बघूक ये," त्या म्हणाल्या. "घेवक होया असा काय नाय."

मी त्याच दुपारी सुशांतला ओढत घेऊन गेले. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे तुळस, मागे विहीर. शेजारच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी रिक्षा पुसत होतं, पलीकडच्या गिरणीत दळण चाललं होतं. हेच मला हवं होतं. सुशांत भिंतींवर टिचक्या मारून बघत होता. मी माजघरात गेले आणि वर बघितलं. वाशांना चार लोखंडी कड्या होत्या, तेल लावून काळ्याभोर ठेवलेल्या.

"वर काय बघतंस गो सोनल?" काशीबाईंनी विचारलं.

"माटवीच्यो कडयो बघतंय."

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. तिला नारळ, काकड्या, सुपाऱ्या, रानातली फुलं-फळं बांधतात. ती माटवी. तिच्याखालची भिंत दर वर्षी नव्याने रंगवायची, आणि त्या भिंतीला टेकून गणपती बसणार. बाकी घरात वर्षभर काहीही करा, ती जागा त्याची. काशीबाईंनी त्या भिंतीपाशी साधं कपाटसुद्धा ठेवलेलं नव्हतं.

माझ्या उत्तराने त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "आतापर्यंत जे कोण बघूक इले, ते हंय फ्रीज बसतलो काय म्हणान इचारतत. तो एक मुंबयवालो इलो, तेका होमस्टे करूचो आसा. तेका मी म्हटलंय, चवतीक ह्या जाग्यार गणपती बसाक होयो. तर म्हणता, हो हो, बसवूया, टुरिस्टांना आवडेल. शिरा पडो तेच्या तोंडार!" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू बसवतलंस मां?"

"व्हय काकी, कित्याक नाय?" मी म्हटलं.

इथे माझा घोटाळा झाला. कड्या बघून माझी माटवी मनात टांगूनही झाली होती. सुशांतची टिचकी तेवढी भिंतीवर अर्ध्यात थांबली. त्याच्याकडे बघितलं आणि जे बोलायच्या आधी आठवायला हवं होतं ते मला आता आठवलं. आमचा गणपती आरोंद्याला आहे.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे भाऊ वेगळे राहतात, चुली वेगळ्या होतात, शेतं वाटली जातात, पण गणपती एकच असतो आणि तो मूळ घरात बसतो. चतुर्थीला जो जिथे असेल तिथून तिथे पोचतो. एखाद्याने आपल्या घरी वेगळा गणपती आणला की आळी समजते, ह्यांचं तुटलं. पुढे कितीही गोड बोला, ते तुटलेलंच. आरोंद्याच्या घरात माझे थोरले दीर, मधूभावजी, शेती बघतात. त्यांना न विचारता मी एका बाईला तिच्या माजघरात उभी राहून सांगून बसले होते की आम्ही वेगळा गणपती बसवू.

वाटेत सुशांत म्हणाला, "दादाला काय सांगणार?"

"खरं तेच सांगणार. घर घेतोय, पाप नाही करत."

"मग तू सांग," तो म्हणाला. एवढं बोलला तेच पुष्कळ.

रविवारी आम्ही आरोंद्याला गेलो. लावणीचे दिवस होते. भावजी शेतातून येऊन पडवीत पाय धूत होते. त्यांची बायको, यशोदावहिनी, आत घावणे काढत होती. मी प्रस्तावना वगैरे केली नाही. घर कसं आहे ते सांगितलं, विहीर सांगितली, कौलं सांगितली, आणि शेवटी गणपतीचंही सांगून टाकलं.

भावजींनी हातातला तांब्या खाली ठेवला. "घर घे. दोन घे. माका बरांच वाटतला. पण गणपती येकच."

"तसं नाही भावजी. ती बाई त्याशिवाय घर देत नाही. मी तिला शब्द दिलाय."

"कोणाक इचारून?"

मी आवाज चढवला. आजकाल शहरात सगळे आपापला बसवतात, देव काय एका घरात मावतो का, आम्ही काय जन्मभर भाड्याने राहायचं का, असं बरंच बोलले. भावजी ऐकत राहिले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग म्हणाले, "बापूस गेल्यार आमी शेत वाटून घेतला. भांडी वाटून घेतली. आवशीचे दागिने वाटून घेतले. गणपती तेवडो वाटूक नाय. तो हंय आसा म्हणान तुमी येतास. उद्या तो थंय बसलो तर सुशांत हंय कित्याक येयत? माका बघूक?" हे बोलताना त्यांचा आवाज फाटला, आणि ते उठून गोठ्याकडे गेले.

मी भांडायला गेले होते आणि माझ्याकडे भांडण उरलं नाही. मला त्याचाच जास्त राग आला. वहिनीने पानात घावणे वाढले, मी खाल्ले. मधूभावजी एवढे आमची वाट बघतात हे मला माहीत नव्हतं. चतुर्थीला गेलं की ते आम्हाला नारळ सोलायला लावतात आणि उशीर झाल्याबद्दल बोलतात, एवढंच मला माहीत होतं. वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं.

परतताना सुशांत म्हणाला, "दुसरं घर बघूया."

"दुसरं मला नको."

"मग?"

"मग काय ते मी बघते," मी म्हटलं. तेव्हा मला काहीही सुचलेलं नव्हतं, पण ते त्याला कशाला सांगायचं?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी काशीबाईंकडे गेले. त्या ओट्यावर बसून कुळीथ निवडत होत्या. मी सांगून टाकलं, "काकी, मी तुमका उगाच व्हय म्हटलंय. आमचो गणपती आरोंद्याक. तो थंयसून हलाचो नाय आणि मी हलवूचंय नाय."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "म्हणजे तूय त्या मुंबयवाल्यासारकीच."

मला हे झोंबलं. चांगलंच झोंबलं. "त्याच्यासारकी कशी?" मी म्हटलं. "तेनी खोटा सांगितल्यान आणि तसोच गेलो. मी सांगूक तरी इलंय! आणि काकी, माका येक सांगा, तुमचो गणपती मी कित्याक बसवू? माका माजो आसा. तुमचो तुमी बसवा. जागो हंयच आसा, कडयो हंयच आसत. चवतीक येवा, सात दिवस रवा, करा काय ता. मी आरोंद्याक आसतलंय, घर मोकळाच!"

बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं की मी काय बोलले. काशीबाईंना माझ्या आधी कळलं असावं. त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं.

"मंगेश म्हणता पुण्याक बसवूया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिसऱ्या माळ्यार. त्येचा काय चुकता असा नाय. पण थंय बसलो तर तो फ्लॅटाचो गणपती. माजे सासरे, माजो घोव, सगळ्यांनी ह्याच भिंतीक हात जोडले. मी घर सोडतंय तेचा माका तेवडा वाटणा नाय. ही भिंत सोडवना नाय."

"मग सोडू नका."

"घर विकल्यार हंय परत पाय ठेवूचो? लोक हसतत गो. आणि मीच खंयच्या तोंडान येव? काल माजा होता, आज माका कोणीतरी ये म्हणाक होया."

"मी म्हणतंय ये."

"आता म्हणतंस. घर नावार झाल्यार म्हणशीत?"

कोणी मला खोटारडी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण त्या खोटारडी म्हणत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. मीही त्यांच्या सुपातले कुळीथ निवडायला घेतले.

मग त्यांनीच ठरवलं. "असा करूया. मी आता पुण्याक जातंय. चावी तुज्याकडे. ह्या चवतीक घर तुजा म्हणान समज आणि मी पावणी म्हणान येतंय. माका कसा वाटता ता बघतंय. जमला तर घर तुजा. नाय जमला तर तू तुज्या वाटेन, मी माज्या. तो मुंबयवालो अजून फोन करता."

घराची रंगीत तालीम! असा सौदा कोणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सुशांतला सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणाला, तुम्ही दोघी एकमेकींना शोभता.

श्रावण संपेपर्यंत मी दुकान आणि ते घर अशी धावत होते. कौलं शाकारून घेतली. काशीबाईंचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात त्या कारखान्यात, नेऊन दिला. त्यांची मूर्ती नेहमी कशी असते ते तिथल्या मूर्तिकाराला माहीत होतं, मला काही सांगावं लागलं नाही. भिंतीला दुकानातला सगळ्यात चांगला रंग लावला. दर संध्याकाळी कुलूप लावून त्या गळक्या नळाकडे परत जायचे तेव्हा जीव नकोसा व्हायचा. घर माझं नव्हतं. कदाचित होणारही नव्हतं. दुसऱ्याच्या घराला एवढा जीव लावू नये हे मलाही कळतं, पण लागला त्याला काय करणार?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंगेश आईला घेऊन गाडीने आला. मी दारात उभी होते. काशीबाई गाडीतून उतरल्या, काठी टेकत अंगणात आल्या आणि पायरीपाशी थांबल्या. जिथे लग्न होऊन आल्या त्या पायरीपाशी. मंगेश म्हणाला, "आये, जा ना आत." त्या हलल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग माझ्या लक्षात आलं की त्या माझी वाट बघताहेत.

"येवा काकी, बसा," मी म्हटलं. आत जाऊन गूळ-पाणी घेऊन आले. पाहुण्याला देतात तसं. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या. तोंडावरून काही कळेना. मी चावी त्यांच्या हातात दिली आणि आम्ही आरोंद्याची वाट धरली.

आरोंद्याचा गणपती पाच दिवसांचा. मी नारळ सोलले, मोदक केले, आरत्यांना टाळ वाजवले आणि अर्धं लक्ष जामसंड्यात ठेवलं. काशीबाईंचा एकही फोन आला नाही. मीही केला नाही. घर जमतंय का असं देवासमोर बसलेल्या बाईला कसं विचारायचं? मधूभावजींना मी सगळं सांगितलं होतं. ते 'बरां' म्हणाले होते, आणि त्या 'बरां'वर त्यांचा विश्वास नव्हता हे मला दिसत होतं. भावजयीने काहीतरी युक्ती काढून वेगळा गणपती आणलाच, असं त्यांच्या मनात घोळत असणार. पाचव्या दिवशी विसर्जन झालं. नंतर हात पुसत ते म्हणाले, "मी येतंय तुमच्याबरोबर. ता घर बघूचा आसा."

काशीबाईंचा गणपती सातव्या दिवशी जायचा. आम्ही त्या दिवशी दुपारी पोचलो. अंगण आळीतल्या माणसांनी भरलेलं. दारात काशीबाई. "येवा, बसा," त्या आम्हाला म्हणाल्या. मी त्या घरात पाहुणी होऊन बसले आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर असं पोटभर जेवले. भावजींनी जेवायच्या आधी गणपतीपुढे हात जोडले, माटवी न्याहाळली, भिंत न्याहाळली. आणि मग काशीबाईंना त्यांच्या सासऱ्यांविषयी विचारत बसले. घराचं काय, हा प्रश्न माझ्या ओठांवर आणि तिथेच अडकलेला.

मूर्ती उचलायची वेळ झाली. उचलण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. नारळ ठेवून, घरातल्या सगळ्यांच्या वतीने एका वडीलधाऱ्याने मोठ्याने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. मंगेशला गाऱ्हाणं येत नव्हतं. काशीबाईंनी आजूबाजूला बघितलं आणि मधूभावजींना म्हणाल्या, "तुमी मोठे आसास. तुमीच सांगा."

भावजींनी टोपी नीट केली. नारळ हातात घेतला.

"बा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं माजघर म्हणालं.

"सात दिवस ह्या लेकरांनी जमात तशी तुजी सेवा केली. ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या घरात..." भावजी थांबले. गाऱ्हाण्यात घर कोणाचं ते सांगावं लागतं. त्यांनी काशीबाईंकडे बघितलं. "घर कोणाचा म्हणान सांगू?"

मंगेश आईकडे बघायला लागला. सुशांत स्वतःच्या पायांकडे. मी वर, माटवीच्या कड्यांकडे.

"काशीबायचो गणपती म्हणा," काशीबाई म्हणाल्या.

"गणपती तुमचो. आणि घर?"

त्यांनी त्या भिंतीकडे एकदा बघितलं. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "घर सोनलाचा."

भावजींनी मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली. "बा म्हाराजा, हो काशीबायचो गणपती आणि ह्या सुशांताचा घर..."

"सुशांताचा न्हय!" काशीबाईंनी काठी आपटली. "तो खंय काय बोललो? सोनलाचा म्हणा."

माजघरात हशा पिकला. सुशांत सगळ्यात जास्त हसला. भावजी हसले नाहीत. त्यांनी हसू थांबेपर्यंत वाट बघितली, माझ्याकडे वळून बघितलं, आणि नारळ कपाळाला लावला.

"बा म्हाराजा! हो काशीबायचो गणपती दर वर्सा ह्या सोनलाच्या घरात येवंदे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमची सोनल," भावजींचा आवाज पुन्हा फाटला, "दर वर्सा आरोंद्याक येवंदे."

सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने मी ओरडले, "व्हय म्हाराजा!"